डोळे मिटून घेतलेला शॉट

७ मार्च

चि. कान्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही मायलेकी खुशाल आहोत, तिकडे तुम्हीही असाल असं धरून चालते. चार वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या बायकोने पाकीट केराच्या टोपलीत टाकलं नसेल, तर पुढे वाच.

सख्ख्या मावसबहिणीने फोन सोडून पत्र का लिहावं, असं तुला वाटेल. फोनवर हल्ली कोणी धड बोलतच नाही. चालता चालता, खाता खाता, तोंडातल्या तोंडात पुटपुटत असतात. शिवाय काही गोष्टी कागदावरच शोभतात. तेव्हा उत्तरही पत्रानेच दे. फोन केलास तर मी उचलणार नाही.

आधी बातमी. मी अकरावा सिनेमा करतेय. सदुसष्टाव्या वर्षी! निर्माता तीनदा घरी येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा जिना चढून इतका धापा टाकत होता की मला त्याची दया आली आणि मी हो म्हटलं. कथा सोबत पाठवतेय. एकाच शिवणकामाच्या दुकानात बसणाऱ्या दोन जावा आहेत. अकरा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. मशीन दोन, कात्री मात्र एकच. वाच आणि सांग.

पस्तीस वर्षांत दहा सिनेमे केले, दहाच्या दहा मराठीत. दुसरीकडून बोलावणी आली नाहीत असं नाही, तुला तर माहीतच आहे. मी प्रत्येकाला एकच सांगितलं की, ज्या भाषेत मला भांडता येतं त्याच भाषेत मला सिनेमा करता येतो. दुसऱ्या भाषेत मी फार सभ्य होते आणि सभ्य बाईच्या हातून सिनेमा होत नाही.

पहिल्या सिनेमाची परवा आठवण झाली. सुट्टीत बंद असलेली ती शाळा, एकोणीस दिवस, आणि तू तेवीस वर्षांचा. तोवर मी दुसऱ्यांच्या सिनेमात कुठल्या नटाच्या कुठल्या हातात कप होता ते वहीत टिपणारी बाई होते. मला दिग्दर्शिका म्हणायला लोकांची जीभ वळत नव्हती. तू पहिल्याच शॉटला बाकाखाली आडवा झालास, छातीवर माईक धरून. खिळ्याला अडकून शर्ट टर्रकन फाटला तरी हललास म्हणून नाहीस. मी डोळे मिटून घेतले आणि शॉट संपेपर्यंत उघडलेच नाहीत. कॅमेरामन कुजबुजला, "बाई झोपल्या वाटतं." तू बाकाखालून म्हणालास, "झोपली नाही, ऐकतेय."

तेव्हापासून ते माझं बिरुदच झालं. पेपरवाल्यांनी लिहून लिहून गुळगुळीत केलं, की या बाई शॉट बघत नाहीत, ऐकतात. खरंच होतं ते. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोन 'ज'मध्ये नटाने घोळ केला की माझ्या पाठीत कळ यायची. माझ्या सिनेमातली माणसं खोटं बोलतात, पण खोट्या मराठीत बोलत नाहीत. हे मी मरेपर्यंत छाती काढून सांगेन.

दहाव्या सिनेमाला काय मान मिळाला ते तू वाचलंच असशील. "निर्भीड शेवट" असं मानपत्रात लिहिलंय. बाहेरच्या खोलीत लावलंय. येशील तेव्हा बघ.

आता आपल्या त्या प्रकरणाबद्दल. त्या सिनेमात अकरा दिवसांत सोळा शॉट मला तुझ्या यंत्रामुळे पुन्हा घ्यावे लागले. कधी बॅटरी गेली, कधी वरून विमान गेलं, कधी घरघर आली. मी साठ माणसांसमोर तुला विचारलं, "तुझे कान गहाण पडलेत का?" आणि घरी पाठवलं. मी रागीट आहे हे तू पाळण्यात असल्यापासून बघतोयस. पण कामात हयगय झाली की मी सख्ख्या बापालाही सोडलं नसतं.

त्यानंतर तुला सिनेमाचं काम मिळालं नाही असं कानावर आलं. लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" म्हणणाऱ्या बाईचा आवाज तू ध्वनिमुद्रित केलास म्हणे. आमच्या डॉक्टरांच्या इमारतीत तीच बाई आहे, असं लेक सांगत होती. छान बोलते म्हणाली.

असो. मागचं मी मनातून काढून टाकलंय. तुला माफ केलंय. पंधरा एप्रिलपर्यंत सामान घेऊन ये.

तुझी
ताई

ता. क. टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून लेक दिवसभर माझ्यामागे लागलेली असते. शेजारी तक्रार करतात म्हणे. लोकांचे कान हल्ली फार नाजूक झालेत.


२२ मार्च

चि. कान्या,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चिठोरं! त्यात तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवते. ते माझ्या हाताने लिहिलं जाणं बरं.

"ताई, माफ केलंस, बरं वाटलं. कथा वाचली. चांगली आहे, पण दोघी जावा सबंध सिनेमात मिळून वीस वाक्यंही बोलत नाहीत. स्वतःचं झाकायला तू त्यांना मुकं केलंयस. माणसं बोलू देत. आणि आता खरं सांग, ऐकू यायचं कधीपासून बंद झालं?"

मी दोन दिवस लेकीशीसुद्धा बोलले नाही. जेवताना ताट आपटलं. तिसऱ्या दिवशी ती समोर येऊन बसली आणि माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मामाला लिही. नाहीतर मी लिहिते." तिचं मराठी माझ्याइतकं चांगलं नाही, म्हणून मीच बसले.

आठव्या सिनेमापासून. कान्या, ते एकदम होत नाही. आधी कुकरची शिट्टी गेली. मला वाटलं, कुकर बिघडला. मग दारावरची घंटा. मग अक्षरं जायला लागली. पहिले गेले ते 'स' आणि 'श'. लोक बोलायचे आणि त्यांच्या वाक्यांना उंदराने कुरतडल्यासारखी भोकं पडलेली असायची. ती भोकं मी अंदाजाने भरायची. जन्मभर संवाद लिहिले होते, त्यामुळे समोरचा पुढे काय म्हणेल ते दहातून आठ वेळा बरोबर यायचं. उरलेल्या दोन वेळा मी रागावल्यासारखं करायची. रागावलेल्या बाईला कोणी उलट विचारत नाही.

कानाचं यंत्र घेतलंय. कपाटात असतं. लावलं की आवाज येतो, शब्द येत नाहीत. बादलीत डोकं घालून कोणाचं बोलणं ऐकावं तसं.

नवव्या सिनेमात मी ओठ वाचायला शिकले होते, आणि ओठ वाचायचे तर डोळे उघडे ठेवावे लागतात. सत्तावीस वर्षं मिटलेले माझे डोळे उघडलेले तू पाहिलेस. बाकी सगळ्यांना वाटलं, बाई आता जास्तच कडक झाल्या, नजर रोखून बघतात. तू काही बोलला नाहीस. त्याच आठवड्यापासून तुझ्या बॅटऱ्या जायला लागल्या.

आता त्या शेवटच्या शॉटचं सांगते. आपल्या दोघांशिवाय तो कोणाला नीट माहीत नाही.

रिकामं केलेलं घर. बाई उंबऱ्यात उभी, हातात किल्ल्या. मी लिहिलेलं वाक्य होतं, "हे घर मला सोडवत नाही." सकाळपासून उभी राहून ती नटी थकली होती. तिच्या तोंडून निघालं, "हे घर मला सोसवत नाही." ओठांवर दोन्ही सारखीच दिसतात रे. 'ड' काय आणि 'स' काय, जिभेचा खेळ सगळा आत चालतो. मी तिचे डोळे पाहिले, गळ्याची शीर पाहिली, मला वाटलं यापेक्षा चांगलं होणं नाही. मी "ओके" म्हणून ओरडले. तू हेडफोन काढलेस आणि म्हणालास, "ताई, घरघर आली. पुन्हा घेऊया."

मी तुझ्याकडे पाहिलं. यंत्र बिघडलेल्या माणसाचा चेहरा मला माहीत आहे. तो यंत्राकडे बघतो. तू माझ्याकडे बघत होतास. माझ्या आईच्या आजारपणात तू तिच्या उशाशी बसून जसा बघायचास, तसा.

त्या क्षणी मला कळलं. हे नीट वाच, नंतर कळलं नाही, त्याच क्षणी कळलं. सोळाच्या सोळा वेळा यंत्र ठीक होतं, दोन सिनेमे तू माझी चूक आपल्या अंगावर घेत होतास, हे सगळं एका दमात कळलं. आणि मी काय केलं? कान गहाण पडलेत का म्हणून तुलाच विचारलं. कामातल्या चुकांसाठी मी तुला काढलंच नव्हतं, कान्या. तुला माझं गुपित माहीत होतं म्हणून काढलं.

तू खाली मान घालून तारा गुंडाळल्यास. एका शब्दाने तुला स्वतःला सोडवता आलं असतं.

वाक्य काय चुकलं ते मला सिनेमा लागल्यावर दोन महिन्यांनी कळलं. संवादांची टाइप केलेली प्रत आली, त्यात "सोसवत" होतं. मी टायपिस्ट बाईला झापलं, तर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, जे ऐकू आलं ते टाइप केलं." लेकीला पडद्यासमोर बसवलं. ती म्हणाली, "आई, सोसवतच म्हणतेय ती." तोवर सिनेमा गावोगाव लागला होता. आणि लोकांना शेवट आवडला! जिच्यासाठी मी त्यांना सबंध सिनेमाभर रडवलं, ती बाई शेवटी घराला झिडकारून जाते, काय ही हिंमत, असं छापून आलं. निर्भीड शेवट! मी मंचावर जाऊन मान घेतला. वर भाषण ठोकलं, की घर कधीकधी माणसाला गिळतं, हेच मला सांगायचं होतं. टाळ्या पडल्या. मला दिसल्या.

ते मानपत्र कालच भिंतीवरून उतरवलं. भिंतीवर चौकोन उमटलाय, तो दिसतो. दिसू दे.

सोमवारी नव्या सिनेमाचं वाचन आहे. निर्माता, नट, सगळं युनिट येईल. तिथे मी सगळं सांगणार आहे, तुझ्या त्या शॉटसकट. निर्मात्याने सिनेमा काढून घेतला तर घेऊ दे. तू त्या दिवशी येऊ नकोस. तू समोर असलास तर माझ्याच्याने होणार नाही. नंतर यायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही आलास तरी मी तुझं काही वाईट मानणार नाही. मला तो हक्क उरलेला नाही.

बायकोला नमस्कार सांग. माझ्यापेक्षा लहान असली तरी नमस्कारच सांग.

ताई


१९ नोव्हेंबर

चि. कान्या,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे नातीला. तुझ्या लेकीची प्रकृती बरी आहे ना? पोरीचे कान तुझ्यावर गेलेत असा निरोप आला. बिचारी! केस वाढव म्हणावं.

तू आजोबा व्हायला गेलास म्हणून कालच्या पहिल्या खेळाला तुला हजर राहता आलं नाही. तेव्हा हा अहवाल. पण त्याआधी त्या सोमवारचं. चौतीस दिवस आपण एकत्र काम केलं, पण ते मी तुला कधी सांगितलं नाही. निर्मात्याने सांगितलं असेल, पण तो मीठमसाला लावतो.

लांबलचक टेबल होतं, बावीस माणसं. मी उभी राहिले. ठरवलेलं भाषण विसरले आणि म्हटलं, "मला ऐकू येत नाही. दहा वर्षं येत नाही." पुढचं सगळं मग आपोआप आलं. तुला का काढलं, तेही आलं. कोणाचेच ओठ हलत नव्हते. मग थोरल्या जावेचं काम करणारी आपली तीच नटी उठली. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "मी 'सोसवत' म्हटलं होतं ते मला घरी गेल्यावर कळलं. पण तुम्ही ओके म्हणालात. तुमच्यापुढे 'चुकलंय' म्हणायची कोणाची टाप होती, ताई?"

तुझी होती. तू ते घरघर म्हणून सांगितलंस, एवढंच.

निर्माता खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. माझ्यासाठी ती मोठी वाईट जागा, पाठीवर काही वाचता येत नाही. परत आला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "ध्वनीला तो भाऊ येणार असेल, तर करू." तर बघ, जन्मभर माझ्या नावावर सिनेमे उभे राहिले. हा तुझ्या नावावर उभा राहिला. मला अपमान वाटायला हवा होता. पण खरं सांगते, मी घरी येऊन लेकीला हे चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा ऐटीत सांगितलं.

शूटिंगचं तुला काय सांगू, तू होतासच. पण एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. सगळ्यांना वाटायचं मी नटांकडे बघतेय. मी शॉटभर तुझ्याकडे बघत असायची. शब्द घसरला की तुझी डावी भुवई हलते. वाक्य खरं निघालं की तू श्वास घ्यायचा विसरतोस. सत्तावीस वर्षं तू माझ्या डोळ्यांसमोर होतास आणि मी डोळे मिटून बसले होते, मग उघडले ते नटांच्या ओठांवर, त्यामुळे हे मला यंदाच कळलं.

आणि अकरावा दिवस मी कोणाला विसरू देणार नाही. तू म्हणालास "पुन्हा", मी म्हटलं "नाही." तू म्हणालास, शेवटचा शब्द तुटला. मी म्हटलं, तुटू दे, तिचा गळा दाटून आला ते मी पाहिलंय, पुन्हा घेतलंस तर शब्द मिळेल आणि गळा जाईल. तू परत ऐकलंस. मग हेडफोन काढून मला कोपरापासून हात जोडलेस. कान नसले तरी मी दिग्दर्शिका आहे, हे मला त्या दिवशी पुन्हा पटलं. तोवर माझीच खात्री नव्हती.

आता कालचं. थिएटर भरलं होतं. मी पहिल्या रांगेत पडद्याकडे पाठ करून बसले, खुर्चीवर गुडघे टेकून, लहान मुलं आगगाडीत बसतात तशी. व्यवस्थापक धावत आला, "बाई, पडदा तिकडे आहे!" मी म्हटलं, "तो मी पाहिलाय. मला हे बघायचेत."

तीनशे माणसांचे चेहरे, पडद्याच्या उजेडात. तू हट्टाने बोलतं केलेलं ते भांडण आलं. धाकटी जाऊ गिऱ्हाइकाला सांगते, "त्यांना म्हणावं, कात्री त्यांच्या माहेरची नाही," आणि थोरली त्याच गिऱ्हाइकाला सांगते, "त्यांना म्हणावं, जीभ तरी त्यांच्या माहेरचीच आहे ना? तिने कापा." कान्या, तीनशे जणांचे खांदे एकदम उडाले! मधल्या रांगेतल्या एका गृहस्थांचा चष्मा पडला. शेजारची बाई त्यांच्या पाठीवर थापटत होती आणि स्वतः डोळे पुसत होती. हसणं किती मोठं असतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी नुसतं ऐकत होते.

मग शेवट. थोरलीच्या हाताला सुई लागते आणि धाकटी पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलते, "दाखवा बघू." तू तिथे बाकी सगळे आवाज काढून टाकलेस, मशीनचा, रस्त्याचा, सगळा. तेव्हा मी तुझ्याशी भांडले होते, की एवढी शांतता लोकांना पेलणार नाही, खोकतील. काल एकही हात तोंडाशी गेला नाही. तीनशे चेहरे, आणि एकाचीही पापणी हलेना. ती शांतता तू केलीस. माझ्या सगळ्या सिनेमांत इतकं चांगलं काही झालेलं नाही, आणि ते माझं नाही. हे लिहिताना मला किती अभिमान वाटतोय ते तुला माझ्या अक्षरावरून कळेल, ओळी वर चढत चालल्यात.

खेळ संपल्यावर लोक माझे हात धरून खूप काही बोलले. मी सगळ्यांना म्हटलं, "मला ऐकू येत नाही, सावकाश सांगा." एकालाही माझी कीव आली नाही. सगळ्यांनी पुन्हा, सावकाश सांगितलं. दहा वर्षं मी कशाला घाबरत होते कोण जाणे.

पेपरवाली एक मुलगी आली होती. तिला पहिलं वाक्य हेच लिहायला लावलंय, की चार वर्षांपूर्वी या माणसाच्या कामात काहीच चूक नव्हती. छापून आलं की कात्रण पाठवते. बायकोला दाखव. तिने ते फ्रेम करून माझ्या डोक्यात घातलं तरी चालेल.

आता एक राहिलंय. त्या सोमवारी बावीस माणसांना सांगितलं, पेपरवालीला सांगितलं, निर्मात्याला तर दोनदा. तू मात्र सतरा एप्रिलला सामान घेऊन दारात उभा राहिलास, तेव्हा मी म्हटलं, "उशीर झाला, चहा घे." चौतीस दिवस रोज सकाळी वाटायचं, आज बोलू. रोज काहीतरी काम निघायचं. निघायचं कसलं, मीच काढायची. मागच्या पत्रातही मी काय काय केलं ते सगळं लिहिलं, एवढे दोन शब्द तेवढे टाळले.

ते आता लिहिते. मी चुकले, कान्या. तुझी चार वर्षं मी घेतली, ती मला परत देता येत नाहीत. मला माफ कर.

तुझी, आणि तुझ्यामुळे अजून दिग्दर्शिका असलेली,
ताई